सर्व्हिस : दहापैकी तीन

छत्री ना? मिळेल हो, मिळेल – कुठे पळून जातेय ती? चार महिने सांभाळली, अजून दहा मिनिटं सांभाळतो. तुम्ही आधी बसा. नाही मास्तर, त्या खुर्चीत नको, ती डॉक्टरांची – म्हणजे डॉक्टर काही आज... बरं, ते जाऊ दे. तुम्ही आपले इकडे बसा, नेहमीच्या जागी, भिंतीकडे पाठ करून. हां, आता कसं! आणि हे घ्या, सूप घ्या. मागवलं नाहीत ते मला माहितीय, मीच आणलं. टोमॅटोचं. वाफ बघा कशी निघतेय. छत्री न्यायला आलेल्या माणसाला सूप द्यायचं नाही असा काही कायदा आहे का? आणि त्या भिंतीवरच्या घड्याळाकडे नका बघू, ते बंद आहे सकाळपासून. साडेचार झालेत, मी सांगतो ना. आत कण्हतोय तो आमचा आचारी. दाढ दुखतेय त्याची. बघेल कोणीतरी. तुम्ही काउंटरखाली काय वाकून बघताय? छत्री तिथे नाही. सूप घ्या.

ही वेळच अशी बघा – दुपारची जेवणं उरकलेली, रात्रीची सुरू व्हायचीत, सगळ्या खुर्च्या रिकाम्या. मला ही वेळ खायला उठते. बोलायला माणूस नसतं ना! तुम्ही म्हणाल, याला माणूस कशाला हवं, हा भिंतीशीसुद्धा बोलेल. म्हणा, म्हणा. तुमच्या त्या वहीत लिहिलेलंच आहे – 'वेटर फार बोलतो. सूप गार.' पाच शब्द. बावीस वर्षं नोकरी केली मास्तर, बावीस वर्षं हे असे चार-चार वाडगे एका हातावर तोलले, एक थेंब कोणाच्या कपड्यावर नाही – आणि शेवटी पाच शब्द. मला कसं माहीत? आहे माहीत. सांगतो. सांगायलाच तर – घाई करू नका, चमचा उचला. तुम्ही पीत राहा, मी बोलत राहतो, म्हणजे दोघांचाही वेळ सत्कारणी लागेल.

तक्रार नाहीये हो माझी. शाळेतले चार वर्गसोबती – तीन पुरुष, एक बाई – म्हातारपणी दर महिन्याच्या पहिल्या गुरुवारी बाहेर जेवतात, यात वाईट काय? चौकात जेवण्यासारखी हॉटेलं चार, म्हणजे आमच्याकडे पाळी वर्षातून तीनदा. नऊ वर्षं. सत्तावीस जेवणं वाढलीत मी तुम्हाला. पण इतर लोक येतात ते जेवायला, तुम्ही यायचात ते परीक्षा घ्यायला. ते तुमचे दातांचे डॉक्टर – एकेक घास बत्तीस वेळा चावणार, डोळे मिटून, मोजलंय मी, आणि मग सावकाश म्हणणार, 'कोंबडी डाव्या बाजूला जरा चिवट आहे.' अहो, कोंबडीची डावी बाजू की तुमची? ते घड्याळवाले – बसल्या बसल्या मनगटावरचं घड्याळ काढून मिठाच्या बाटलीला टेकवून ठेवणार, मी ऑर्डर घेऊन पाठ फिरवली की यांचं मोजणं सुरू. किचनपर्यंत पाठीत टिकटिक ऐकू यायची मला. लायब्ररीच्या बाई ती निळ्या पुठ्ठ्याची वही उघडणार आणि शेजारच्या टेबलावर कोणी मोठ्यानं हसलं की चष्म्यावरून अशा बघणार, जणू हसणाऱ्यानं पुस्तक उशिरा परत केलंय. आणि तुम्ही? तुम्ही कागदावर कोळशाच्या कांडीनं चित्र काढत बसायचात. कधी माझं नाक, कधी डॉक्टरांचा चालू जबडा. आणि रेघ चुकली की पावातला मऊ भाग काढायचा, बोटांत मळून त्याची गोळी करायची आणि त्यानं खोडायचं! पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मी थक्क झालो. म्हटलं, मास्तर, रबर नाही का तुमच्याकडे? तर म्हणालात, 'रबरानं कागद दुखावतो, पावानं नाही.' आठवतंय? विसरला असाल. मी नाही विसरलो. इथेच तर सगळं अडलंय.

आणि मार्क काय फक्त तुम्हीच देता? आज सांगूनच टाकतो – किचनच्या दाराला आतून एक पाटी आहे, तिच्यावर आम्ही गिऱ्हाइकांना मार्क देतो. खरंच! उठताना खुर्ची जागेवर सरकवली – दोन. बोलावताना चुटकी वाजवली – वजा तीन. रुमालात च्युइंगम गुंडाळून ठेवलं – गिऱ्हाईक नापास, पुढच्या वेळी दाराजवळचं टेबल, वाऱ्यात बसा. डॉक्टरांना सहा आहेत. ताट स्वच्छ करतात, पण ते करेपर्यंत इतर टेबलांची दोन जेवणं होतात. घड्याळवाल्यांना पाच. बाईंना... बाईंना चार. रागवू नका, कारण आहे. नऊ वर्षांत बाईंनी एकदाही मान वर करून माझ्याकडे बघितलेलं नाही. 'पाणी' म्हणतात, ते वहीकडे बघून. 'थोडं मीठ' म्हणतात, ते वहीकडे बघून. मी नऊ वर्षं त्या वहीलाच वाढलं म्हणा ना! तुम्हाला? तुम्हाला नऊ. चौकातल्या कुठल्याच गिऱ्हाइकाला नाहीत एवढे. एक कापला तो टेबलक्लॉथवर कोळसा सांडता म्हणून. दहा आम्ही कोणाला देत नाही. म्हणजे देत नव्हतो.

प्या ना. अजून गरम आहे.

आता माझे मार्क. जेवणाला आठ, स्वच्छतेला आठ, सर्व्हिसला तीन. पुढच्या वेळी आठ, आठ, तीन. एकदा चार मिळाले होते, त्या दिवशी माझा घसा बसला होता. आता तुम्हीच सांगा मास्तर, न्यायानं सांगा – मी बोलतो म्हणून सूप गार होतं, कबूल. पण मी बोलतो का, हे कोणी कधी विचारलं? आत कोण आहे? माझा मेहुणा. बायकोचा सख्खा, धाकटा, लाडका भाऊ. हाताला चव आहे त्याच्या, नाही म्हणत नाही, पण गडी असा संथ की गोगलगायीनं त्याला ओलांडून जावं. मीठ घालणार, चाखणार, खिडकीबाहेर बघणार, पुन्हा चाखणार. तुमचं सूप संपतं आणि कोंबडी अजून भट्टीत गेलेलीसुद्धा नसते. मग मी काय करायचं? तुमच्या डोक्यावर उभं राहून 'अजून दहा मिनिटं' म्हणायचं? मी बोलायला लागतो. हवेवर बोलतो, पायांच्या दुखण्यावर बोलतो, मालकाच्या टकलावर बोलतो – माझं बोलणं म्हणजे पडदा हो, पडदा! त्याच्या आड तो शिजवतो. माणूस ऐकत बसतो, चमचा हातात राहतो, सूप गार होतं, पण उशीर झाला हे कळत नाही. म्हणजे कोणाला कळत नाही? घड्याळवाल्यांना सोडून. अकरा मिनिटं चाळीस सेकंद, अकरा मिनिटं चाळीस सेकंद! ती काय माझी मिनिटं होती? ती त्याची होती. पण मार्क कोणाचे कापले? त्याला आठ, मला तीन. मी राबून राबून थकलो आणि नावं ऐकून घ्यायला उरलो. आणि घरी आमची ही काय म्हणते माहितीय? 'माझ्या भावानं जीव ओतून शिजवायचं आणि तुम्ही तोंडानं गार करायचं.' वर त्याला पहिलं ताट. माझ्या घरात!

आणि ते चित्र. खोटं कशाला बोलू, ते चित्रच नडलं. वर्षाच्या शेवटी बाई सगळ्या मार्कांची बेरीज करतात, ज्या हॉटेलाला जास्त तिथे निकालाचं जेवण, आणि त्या हॉटेलला तुमच्या हातानं काढलेलं त्याचंच चित्र, चौकटीसकट. आठ वर्षांत आठ चित्रं. समोरच्यांकडे पाच, कोपऱ्यावरच्यांकडे दोन, बेकरीच्या वरच्यांकडे एक. आमच्याकडे? समोरचा वेटर रोज सकाळी दारात उभा राहून मला बघत बघत त्या पाच चौकटी पुसतो. पुसण्यासारखी धूळसुद्धा नसते हो त्यांच्यावर! मी तीन वर्षांपूर्वी इथे खिळा ठोकला. मालक म्हणाले, 'घोड्याचा पत्ता नाही आणि तू लगाम घेऊन उभा.' म्हटलं, असू दे, खिळा काही खायला मागत नाही. पण तीन वर्षं येता-जाता तो खिळा बघायचा म्हणजे – तुम्हाला नाही कळायचं. तुम्ही चित्रं वाटणारे.

मग ती वही राहिली.

वर्षातली आमची शेवटची पाळी होती, आणि बाई वही विसरल्या. नऊ वर्षांत पहिल्यांदा. चष्मा सापडत नव्हता त्यांना, तुम्ही चौघं टेबलाखाली शोधत होतात, चष्मा त्यांच्या डोक्यावर होता. त्या हसण्यात वही राहिली रुमालाखाली. दुसऱ्या दिवशी मी लायब्ररीत फोन केला, त्या म्हणाल्या पाचला येते. आणि साडेचारला मी इथे, याच टेबलाशी, एकटा. समोर वही. दुसऱ्याची वही उघडू नये, एवढं मलाही कळतं. मी नाही उघडली – म्हणजे मी उचलली, तेव्हा ती उघडली. आणि उघडलीच आहे म्हटल्यावर... वाचली. नऊ वर्षांची. उभ्यानं सुरुवात केली, मग तुमच्याच खुर्चीत बसलो. 'वेटर फार बोलतो. सूप गार.' 'वेटर बोलतो, पण ताटं स्वच्छ.' 'वेटरनं आज त्याच्या गुडघ्याबद्दल सांगितलं. सूप गार.' गुडघा खरंच दुखत होता त्या दिवशी. आणि शेवटच्या पानावर, आदल्या दिवशीचं – 'सर्व्हिस. मास्तरांचं मत : पाच द्यावेत, माणूस मनापासून वाढतो. इतर तिघांचं मत : तीन. बहुमतानं तीन.'

माणूस मनापासून वाढतो. मला कोणी असं... घरीसुद्धा नाही हो. डोळ्यांत पाणी आलं माझ्या, लपवत नाही. तिथेच वही मिटली असती तर आज तुमची छत्री तुमच्या घरी असती. पण मी मार्कांची बेरीज केली. समोरचे पुढे होते, चार मार्कांनी. तिनाचे आठ झाले तर आम्ही एकानं वर. आणि बाई लिहितात पेन्सिलीनं – लायब्ररीत शाई नको म्हणून ती सवय – आणि समोर पावाची टोपली. मास्तर, माझ्या हातानं केलं म्हणू की मी केलं म्हणू? मीच केलं. पावाचा मऊ भाग काढला, मळला, तुम्ही मळायचात तसा, आणि हळूच फिरवला. तीन गेले. कागद दुखावला नाही. आणि तिथे आठ लिहिले. दहा लिहिले असते तर माझाच विश्वास बसला नसता.

हो. मी. तुम्ही नाही, डॉक्टर नाहीत, कोणी नाही – मी.

नाही, उठू नका. शिव्या द्यायच्या तर द्या, पण बसून द्या. राहिलेलं ऐका, तुम्हाला माहीत असलं तरी ऐका, कारण तुम्ही त्या दिवशी खाली मान घालून बसला होतात आणि मी सगळं बघत होतो. निकालाचं जेवण, पहिल्यांदा आमच्याकडे. मालकांनी स्वतः दारात फुलं ठेवलेली. माझी बायको मागच्या दारानं येऊन किचनमध्ये उभी, नवी साडी नेसून – भावाचं कौतुक बघायला, माझं नाही. तुमच्या काखेत तपकिरी कागदात गुंडाळलेलं चित्र. मी इथे, चार सूप हातावर. आणि बाई उभ्या राहून मार्क वाचतायत – 'जेवण आठ, स्वच्छता आठ, सर्व्हिस आठ' – आणि घड्याळवाले म्हणाले, 'आठ? अकरा मिनिटं चाळीस सेकंदांना आपण आठ दिले?' बाईंनी पान दिव्याखाली धरलं. वाकडं केलं. आणि वहीच्या घडीतून टेबलक्लॉथवर पावाचे दोन कण पडले. एवढेसे. मला इथून दिसले, एवढे मोठे दिसले. सगळ्यांनी कुठे पाहिलं? तुमच्या ताटाकडे. ताटाशेजारी तुमची पावाची गोळी, मळलेली, काळी. पावानं खोडणारा माणूस जगात एकच, आणि पाच द्या म्हणून भांडणाराही तोच. झालं. बाई काय बोलल्या ते मी परत उच्चारत नाही.

उच्चारतो. 'मास्तर, शाळेतही असेच मार्क वाढवायचात का?'

चौतीस वर्षं शिकवलेल्या माणसाला! डॉक्टर हसायला गेले आणि मध्येच थांबले. घड्याळवाल्यांनी घड्याळ उचलून मनगटावर बांधलं. आणि तुम्ही? चित्र काखेत घेतलंत, उठलात, आणि जाताना – मास्तर, त्याही वेळी तुम्ही खुर्ची जागेवर सरकवलीत. छत्री विसरलात, पण खुर्ची सरकवलीत. तुमचा कापलेला मार्क मी त्याच दिवशी पाटीवर परत दिला. दहा. एकट्या तुम्हाला.

आणि मी काय करत होतो? उभा होतो. चोर सोडून संन्याशाला फाशी, आणि चोर चार सूप घेऊन उभा. बावीस वर्षं या तोंडाला खळ नाही, गिऱ्हाईक नको नको म्हणत असताना गुडघ्याची गोष्ट सांगितली, आणि जिथे एक वाक्य बोलायचं होतं, एकच – 'मी केलं' – तिथे वाचा बसली. ते सूप मी तसंच आत नेऊन ओतलं. चारही. मेहुणा म्हणाला, 'भाऊजी, आज बोललातही नाही आणि तरी गार?'

तेव्हापासून बघतोय मी. पहिल्या महिन्यात वाटलं, येतील, शाळेपासूनची मैत्री आहे. गुरुवारी हे टेबल राखून ठेवलं. कोणी नाही. मग डॉक्टर आले, एकटे. कोंबडी मागवली आणि पाच-सहा वेळा चावून गिळली. मोजलं मी. अर्धी टाकून गेले. घड्याळवाले आले एकदा, एकटेच – मेहुण्यानं वीस मिनिटं लावली, वीस! – आणि त्यांनी मनगटाकडे बघितलंसुद्धा नाही. मी मुद्दाम म्हटलं, फार उशीर झाला ना? तर म्हणाले, 'मला काय घाई आहे?' अंगावर काटा आला माझ्या. बाई समोरच्या फुटपाथनं जातात. पूर्वी या फुटपाथनं जायच्या. पिशवीतून निळा पुठ्ठा डोकावत असतो, म्हणजे वही सोडवत नाहीये त्यांना, पण त्यात लिहिणार काय? आणि तुम्ही तर हा चौकच सोडलात. मी चौघांचं आयुष्य मोडलं असं म्हणत नाही, एवढा मोठा नाही मी. पण एक टेबल मोडलं. आणि ते मला जास्त कळतं, कारण मी टेबलांतच राहतो.

चार महिने का नाही सांगितलं? नोकरी जाईल म्हणून नाही हो, मालकांना दुसरा वेटर मिळायचा नाही. भीती तुमची. तुम्ही 'जाऊ दे रे' म्हणाल याची. तुम्ही तसेच आहात, आत्ताही तेच म्हणायला तोंड उघडताय – नका. तुम्ही एकट्यानं माफ केलंत की विषय मिटला, आणि तिकडे बाईंच्या मनात तुम्ही चोरच राहिलात. म्हणून ठरवलं, सांगायचं तर चौघांसमोर. म्हणून... रागावणार नाही ना? हा बघा खिशात घड्याळाचा सेल. मीच काढला. घड्याळवाल्यांना निरोप पाठवला, भिंतीवरचं घड्याळ बंद पडलंय, पावणेपाचला येऊन बघा. आणि आत तो कण्हतोय ना – दाढबीढ काही नाही, धडधाकट आहे, मी सांगितलंय त्याला कण्ह म्हणून. जरा जास्तच कण्हतोय, आठ मार्कांचा माज आहे त्याला. डॉक्टर हत्यारं घेऊन येतील, तेव्हा बसेल गप्प. बाईंना फोन केला की तुमच्या वहीतलं काहीतरी इथे राहिलंय. ते खोटं नाही, राहिलंय. आणि तुम्हाला छत्री. बोलायचं काय तेही पाठ केलंय, कालपासून, भांडी पुसता पुसता – आधी तुमची माफी, मग बाईंची, मग थोडं गुडघ्याबद्दल, नाही, गुडघ्याबद्दल नाही...

दार वाजलं. आलेच बघा. एकदम तिघं? पायरीवरच गाठ पडलेली दिसतेय.

या, या घड्याळवाले. घड्याळ? ते मिळेल, आधी बसा. डॉक्टर, ती पेटी तिथे ठेवा, आत जायची गरज नाही, तो बरा झालाय – ए, पुरे रे कण्हणं! बाई... या ना. आत या. मास्तर आहेत, हो. मास्तर, बसा, उठू नका, छत्रीशिवाय कुठे जाताय? छत्री? मागे बघा. मागे भिंतीवर, तुमच्या डोक्याच्या वर. काखेत कळसा – त्या चित्राच्या खिळ्यालाच टांगलीय, चार महिने. नाही, काढू नका अजून.

बाई, वही आहे ना पिशवीत? द्या जरा. त्या दिवशीचं शेवटचं पान. माहितीय मला कुठलं. आणि वहीकडे नका बघू, बाई. माझ्याकडे बघा एकदा.

हां.

मला म्हणायचं होतं की... मी कालपासून... म्हणजे झालं असं की... नाही जमत. थांबा. तो पाव द्या इकडे, मास्तर. हा मऊ भाग. असा मळायचा. आणि हा – असा. हे गेले आठ. बाई, पेन्सिल?

तीन.

हो. मीच. तेव्हाही मीच.

म्हणजे चित्र समोरच्यांचं, मास्तर, त्यांना देऊन टाका, सहावं. पुसू दे त्यांच्या वेटरला. छत्री राहू दे खिळ्यावर, जेवून जाताना घ्या. हे सूप इकडे द्या, गार झालं. काय म्हणालात, बाई? नाही – आता माझ्याकडे बोलायला काही नाही. तुम्ही बसा. चौघंही बसा. चार सूप आणतो, गरम.